तळची ओळ

तालमीच्या दारातला फळा
बत्तीस वर्षं मी लिहितोय.
मयत, लग्न, उद्या पाणी येणार नाही,
म्हैस हरवली आहे, डावं शिंग मोडकं.
खडू तालमीचा, शुद्धलेखन माझं.

मग ज्याच्या त्याच्या खिशात एकेक फळा आला.
त्यावर लिहितं कोण, ते कुणालाच ठाऊक नाही.

जुलैत एका सकाळी, गंगावेशीत, दूध कट्ट्यावर
अण्णाप्पा मगदूम मिशीवरचा फेस न पुसता म्हणाला,
"कळलं काय? धरणाचा पाचवा दरवाजा
रात्री मुद्दाम उघडलाय.
आपण फायनल मारली न्हवं, त्या पेठंच्या पोटात दुखालंय."
"कुणी सांगितलं?"
"सगळी सांगाल्यात."
"सगळी म्हणजे कोण?"
तो माझ्याकडं असा बघाय लागला,
जसा काही दरवाजा मीच उघडलाय.

दुपारी आडवा झालो. डोळा लागेना.
उठलो, फळा ओल्या फडक्यानं पुसला, आणि लिहिलं:

सावधान! म्हशीच्या शिंगात अँटेना आहे.
धार काढताना माणसाच्या मनातलं फेसात उतरतं.
बुडबुडे मोजून सातासमुद्रापार कळतं,
आज आपल्या गल्लीत कोण कुणावर रुसलंय.
तांबडा रस्सा पिणाऱ्याचा सिग्नल लांब जातो,
पांढऱ्यावाल्याचा रंकाळ्यापर्यंतच.
जागे व्हा! दहा जणांना सांगा,
नाहीतर घरातला गूळ कडू होईल.

आणि अगदी तळाला, बारीक अक्षरात:
ही माहिती माझ्या साडूच्या शेजाऱ्याच्या ड्रायव्हरची.
तो तेव्हा झोपला होता.

पेठ हसली. इलियास बागवान केळीच्या गाड्याला धरून हसला.
अण्णाप्पासुद्धा, "नाद खुळा, मास्तर!" म्हणाला
आणि मिशी पुसली.
मला वाटलं, औषध लागू पडलं.
त्या रात्री मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

तिसऱ्या दिवशी मेहुण्याचा फोन, सांगलीहून.
"दाजी, आम्ही दूध बंद केलंय. पोरांचं पण.
तुमच्याच गावचा फोटो आलाय, पुरावाच हाय."
फोटो बघितला.
फळा माझा. वेलांट्या माझ्या.
तळची ओळ तेवढी कुणीतरी कातरली होती.

कागलकडं कुणी म्हणे म्हशीच्या शिंगांना
चपात्या गुंडाळायचा चंदेरी कागद लावला.
म्हणे. मी बघितलेलं नाही.
खरं असेल तर एवढंच म्हणेन,
त्या गोठ्यात शहाणी ती एकटी:
गिळलेलं परत तोंडात आणून
सावकाश चावून बघणारी.

पाऊस थांबेना. फळा पुसून मी नुसता बसलो,
खडू बोटांत भिजून मऊ झालेला.
तिवल्यांची रेणुका आली, अकरावीतली,
सायकल चिखलानं सीटपर्यंत माखलेली.
म्हणाली, "काका, तुमचा विनोद भारी होता,
पण खरं तळाला का ठेवलं?
तळाचं आधी कापलं जातं."
आणि खडू मागून घेतला.

तिनं वर, थोरल्या अक्षरात लिहिलं:
मी स्वतः बघून आले. रेणुका तिवले.
राजाराम बंधारा, सकाळी सात वाजून दहा मिनिटं.
त्याखाली, लहान:
पाणी छत्तीस फूट चार इंच.
त्याखाली, आणखी लहान:
पाचव्या दरवाजाचं मला माहीत नाही. विचारलंय.

"माहीत नाही" हे शब्द
बत्तीस वर्षांत त्या फळ्यावर
मी एकदाही लिहिले नव्हते.

अण्णाप्पा आला. छत्री मिटली, वाचलं,
पुन्हा वाचलं.
"एवढंच? ह्यात काय मज्जा न्हाई."
"न्हाई," मी म्हटलं.
तो थोडा वेळ पावसाकडं बघत उभा राहिला.
मग त्यानं स्कूटरला किक मारली, एक, दोन, तिसरी लागली.
"बसा मागं मास्तर," म्हणाला,
"सात-दहाचं आता शिळं झालं."